बंद दारांना कुंकू

कालिंदी निवडणुकीला उभी राहणार हे कळलं तेव्हा मी कणीक मळत होते. रागाच्या भरात ती इतकी तिंबली की त्या दिवशी पोळ्या अगदी लुसलुशीत झाल्या. कालिंदी माझी धाकटी नणंद. जन्म कलकत्त्याच्या खिदिरपूरचा, लग्न केलं नाही, शाळेत शिकवायची आणि उरलेला सगळा वेळ गोदीमागच्या वस्तीत असायची. तिथल्या बायकांना गोळा करून पाण्यासाठी भांडायचं, हाच तिचा संसार. एकोणसत्तर साली ती कॉर्पोरेशनच्या निवडणुकीत अपक्ष म्हणून उभी राहिली. आमचे हे, शरच्चंद्र, कस्टममध्ये. सरकारी नोकरी, म्हणून त्यांच्या तोंडाला कुलूप. मग त्यांच्या बहिणीसाठी उन्हातान्हात हिंडायचं कुणी? मी. साताऱ्याहून लग्न होऊन आलेली, बांगला धड न येणारी मी.

बायका सभेला यायच्या नाहीत, ही कालिंदीची अडचण होती. पुरुष यायचे, टाळ्या वाजवायचे आणि घरी जाऊन बायकोला सांगायचे, मत कुणाला टाक ते. मीच म्हटलं, चैत्र चालू आहे, चैत्रगौरीचं हळदीकुंकू कर, सगळ्या वॉर्डातल्या बायका बोलाव, पन्हं दे, कैरीची डाळ दे. हळदीकुंकवाला कुठला पुरुष येतोय? कालिंदीनं मला मिठीच मारली. अक्कल पाजळली की ती आपल्यालाच निस्तरावी लागते, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

आमंत्रणं करायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. करंडा घेऊन दारोदार फिरले. आमच्याकडची रीत अशी, की घरात कुणी नसलं, दार बंद असलं, तर दाराला हळदकुंकू लावून यायचं. घरची बाई परतली की तिला कळतं, बोलावणं येऊन गेलं. वस्तीच्या टोकाला एक अरुंद गल्ली होती. तिथली सगळीच दारं बंद. दुपारचं ऊन मी म्हणत होतं. मला वाटलं, झोपल्या असतील मेल्या, नाहीतर कामाला गेल्या असतील. कड्या वाजवत बसायचं त्राण नव्हतं. प्रत्येक दाराला एक बोट हळदीचं, एक कुंकवाचं ओढलं आणि घरी येऊन पंख्याखाली आडवी झाले.

हळदीकुंकवाला अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. बंगाली, बिहारी, मुसलमान, सगळ्या आल्या. फक्त शारदामाशी आली नाही; मावशीला तिकडे माशी म्हणतात. ती वस्तीच्या तोंडाशी राहायची, सगळ्यांत जुनी. कालिंदी तिला हाताला धरून आणायला गेली होती, पण विधवा बाई, नाही म्हणाली. ती आली असती तर सगळं तिथल्या तिथंच कळलं असतं.

दिवे लागता लागता आणखी काही बायका आल्या. गप्प, एकमेकींना चिकटून, भिंतीकडेला जाऊन बसल्या. कुंकू लावायला गेले तर कपाळं गार, माठाला बोट लावावं तशी. चैत्रात, आणि तेही कलकत्त्यात. अंघोळ करून आल्या असतील, असं मी मनाशी म्हटलं. पन्हं दिलं तर एकीनं ओठाला लावलं नाही. पेले धरून त्या कालिंदीकडे बघत राहिल्या, मग एकेकीनं आपला पेला तिच्यापुढे केला. आधी तू पी, असा त्याचा अर्थ अगदी उघड होता. कालिंदीला वाटलं, असेल एखादी रीत. तिनं हसत हसत प्रत्येक पेल्यातला एक घोट घेतला. तेव्हा कुठं त्या प्यायल्या. पन्ह्याचं पातेलं संपलं, मग माठही संपला, तरी पेले पुढे येतच होते.

त्यांतली एक बांगलात म्हणाली, "आमच्या गल्लीत नळ आणशील?"

कुठली गल्ली, म्हणून कालिंदीनं विचारलं, तर तिनं वस्तीच्या टोकाकडे बोट केलं.

"आणीन," कालिंदी म्हणाली. "माझा शब्द."

दुसऱ्या दिवशी सकाळीच शारदामाशी दारात. त्या गल्लीतल्या दारांना हे लाल-पिवळं कुणी फासलं, म्हणून विचारत होती. मी सांगितलं, आमंत्रण होतं, आणि आल्यासुद्धा होत्या बायका. म्हातारी मटकन पायरीवर बसली. म्हणाली, तिथं बारा वर्षांत कुणी राहिलेलं नाही. पूर्वी भरलेली गल्ली होती. प्रत्येक उमेदवार यायचा, नळाचं कबूल करायचा आणि पुन्हा तोंड दाखवायचा नाही. बायका डबक्याचं पाणी भरायच्या. एका चैत्रात कॉलरा आला आणि गल्ली उजाड झाली. वस्तीतली बाकीची माणसं त्यानंतर आलेली, त्यांना कुणाचे चेहरे ठाऊक असणार? करायला गेले गणपती आणि झाला मारुती. कालिंदीला सांगितलं तर ती म्हणाली, माशीचं वय झालंय, वहिनी, त्या बायका टोकापलीकडच्या असतील, आणि तुला ऊन लागलंय.

मतदानाच्या दिवशी मी बायकांच्या बूथवर तिची एजंट म्हणून बसले होते. बूथ बंद व्हायच्या सुमाराला त्या आल्या. कपाळावर हळद आणि कुंकू शेजारी शेजारी, मीच लावलेलं, अजून ओलं. बूथवरच्या साहेबांनी नावं पुकारली, यादीत ती होतीच. मेलेल्यांची नावं काढायला वेळ कुणाला असतो? बोटांना शाई लागली, त्या मत टाकून गेल्या. देवाशपथ सांगते, एजंट असून मी हरकत घेतली नाही.

कालिंदी अगदी थोडक्यात निवडून आली. हरलेल्याची माणसं रस्त्यात ओरडत होती, भुतांनी मतं टाकली म्हणून. कालिंदी पोट धरून हसली. मला हसू आलं नाही.

काउन्सिलर झाल्यावर तिच्या वाट्याला पहिल्याप्रथम एकच नवा नळ आला. तो वस्तीच्या मधोमध बसवायचं तिनं ठरवलं, आणि त्यात चूक काय होती? सगळी वस्ती एका जुन्या नळावर भांडत होती. ज्या दिवशी तिनं तसं जाहीर केलं, त्याच संध्याकाळी तिनं पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला. म्हणाली, डबक्याचा वास येतोय. मी पिऊन पाहिलं, पाणी चांगलं होतं. दुसरा पेला भरला, तोही तसाच. मग तिला एक सवयच लागली. पेला हातात घ्यायची आणि माझ्यापुढे धरायची. आधी तू पी, वहिनी. मी प्यायचे, तरी तिच्या घशाखाली घोट उतरायचा नाही. शहाळ्याच्या पाण्यावर दिवस काढायला लागली. डॉक्टरांना काही सापडेना. गाल बसले, ओठांना भेगा पडल्या. आमचे हे रात्री उठून तिचा श्वास चालू आहे ना ते बघायचे. माझी कालिंदी डोळ्यांदेखत वाळत होती.

शेवटी मी तिच्या खाटेवर जाऊन बसले. म्हटलं, नळ त्या गल्लीत बसव.

"वहिनी, जिवंत माणसं पाण्यासाठी डोकी फोडतायत," ती म्हणाली. "आणि मी मेलेल्यांना पाणी पाजू?"

"शब्द कुणाला दिला होतास?"

तिनं खाटेचा कठडा धरून पाय खाली सोडले. मग म्हणाली, मला धरून ऑफिसात ने. तिथल्या इंजिनिअरनं विचारलं, रिकाम्या गल्लीत पाणी पिणार कोण? येतील लोक, एवढंच ती म्हणाली.

वस्तीनं तिला माफ केलं नाही. का करावं? ज्या बायकांसाठी तिनं आयुष्य वेचलं, त्यांनीच आमच्या दारावर दगड मारले. एक तिच्या खांद्याला लागला. पुष्पा तिचा उजवा हात, सगळ्या मोर्च्यांत पुढे असायची. ती रस्त्यात भेटली की तोंड फिरवायला लागली.

नळ सुरू झाला त्या संध्याकाळी गल्लीत आम्ही दोघीच होतो. कालिंदीनं चावी फिरवली, ओंजळ धरली, एक घोट घेतला आणि बाजूला झाली. पाणी धो धो पडत होतं, पण खालची फरशी भिजत नव्हती. कितीतरी वेळ कोरडी ठणठणीत. मी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. मग हळूहळू फरशी ओली झाली, पाणी गटारात वाहायला लागलं. कालिंदी वाकली आणि पोटभर प्यायली.

ती बरी झाली, पण तिचं काम संपलं. वस्तीत तिला कुणी बोलवेना. मेलेल्यांची काउन्सिलर म्हणायचे तिला. शाळेतून आली की खिडकीशी बसून राहायची. माझं चुकलं का, असं मला कधी विचारलं नाही, पण तेच तिच्या मनात असायचं हे मला कळत होतं.

एकाहत्तर साली सरहद्दीपलीकडून निर्वासितांचे लोंढे आले. सॉल्ट लेकच्या रेतीत छावणी पडली, आणि तिथं कॉलरा सुरू झाल्याचं रोज कानावर यायचं. एक दिवस शारदामाशी धापा टाकत आली. गल्लीतली दारं उघडलीत म्हणाली. कालिंदी तशीच उठली, मी तिच्यामागं धावले.

दारं खरंच उघडी होती. चुली पेटल्या होत्या, दोरीवर लंगोट वाळत होते. नळावर एक तरुण बाई तान्ह्या पोराला काखेत घेऊन कळशी भरत होती. कालिंदीनं तिला विचारलं, इथं कसे आलात? ती म्हणाली, छावणीत रोज कुणी ना कुणी जात होतं, पोराला काय पाजावं कळत नव्हतं. तेव्हा काही बायका आल्या. आमच्या गल्लीत चांगल्या पाण्याचा नळ आहे, घरं रिकामी आहेत, चला, असं म्हणाल्या आणि इथपर्यंत घेऊन आल्या. वाटेत कुणाशी बोलल्या नाहीत. गल्लीच्या तोंडाशी वळून बघितलं तर नव्हत्या.

कालिंदीनं पदर तोंडाला लावला. दगड खाताना रडली नव्हती ती.

त्या बाईनं दाराच्या चौकटीकडे बोट केलं. तिथं माझी बोटं अजून तशीच होती, पिवळं आणि लाल.

"त्यांच्या कपाळावर अस्संच होतं," ती म्हणाली. "आमच्याकडे असं लावत नाहीत. ही कुठल्या देशाची रीत?"

"आमच्या साताऱ्याची," मी म्हटलं, आणि तिची कळशी उचलून तिच्या कमरेवर ठेवली.