जांभळ्यात तांबडा जास्त

‘अकरा जून रोजी नदीत दिसलेला जांभळा रंग हे सूर्यास्ताचे प्रतिबिंब होय, तक्रार खोटी आहे.’ रंगपेटीच्या झाकणात आतून चिकटवलेले कंपनीच्या चौकशी अहवालातले हे वाक्य दीपमालाने पुन्हा वाचले आणि दापोडीच्या घाटावर बसून कुंचला पाण्यात बुडवला.

वाक्याचे व्याकरण निर्दोष होते. अडचण एवढीच की तक्रार दुपारी साडेबाराची होती. कंपनीच्या सोयीसाठी सूर्याने त्या दिवशी घाई केली असे मानले, तरी प्रतिबिंब बघणाऱ्याबरोबर सरकते, हे ती तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवताना सांगत आली होती. त्या दुपारी नवऱ्याने, धम्मपालने, बोलावल्यावर ती याच घाटावर दहा पावले चालली होती. पाण्यातला पूल सरकला. जांभळा जागचा हलला नाही. ‘खोटी तक्रार’ केल्याबद्दल धम्मपालची त्याच कंपनीतली बावीस वर्षांची नोकरी मात्र गेली. गुरुवारी कामगार न्यायालयात सुनावणी होती आणि हातात पुरावा नव्हता.

अहवालावर सही होती निरंजनची. तो कापड रंगवणाऱ्या या कंपनीच्या रंगविभागाचा प्रमुख. दर रविवारी सकाळी याच घाटावर फिरायला येई. ही बाई कोणाची कोण, हे त्याला ठाऊक नव्हते. सलग तीन रविवार तिने नदीचे तेच पात्र रंगवले आणि दर वेळी जांभळ्यात जाणूनबुजून तांबडा जास्त घातला. पहिल्या रविवारी त्याची चाल मंदावली. दुसऱ्या रविवारी त्याने जीभ टाळ्याला लावून च्च केले. आज तो थांबला.

“मॅडम, रागावू नका, पण शेड चुकलीय.”

“असेल, सर. अकरा जूनची दुपार आहे. प्रतिबिंबच ते, नेमकं धरता कुठे येतं?”

“प्रतिबिंब कसलं? त्या रंगाचा लॉट मी स्वतः जुळवला होता. चोवीस वर्षं शेड जुळवतोय मी.”

तिने मान खाली घालून चूक कबूल केली. मग संकोचत सांगितले की तिच्या वर्गात दुरुस्ती सुचवणाऱ्याने ती चित्राच्या मागे स्वहस्ते लिहून सही करायची, अशी शिस्त होती. तिने कागद उलटा करून पेन्सिल पुढे केली.

तो हसला. पेन्सिल नाकारून त्याने खिशातले पेन काढले आणि वळणदार अक्षरात लिहिले:

‘यात तांबडा जास्त झाला आहे. अकरा जूनला आमच्या टाकीतून नदीत गेलेला जांभळा याहून निळा होता. – निरंजन, रंगविभागप्रमुख.’