पायाला कळणारी जमीन

स्नेहलने स्वयंपाकघरातला वजनकाटा पडवीत आणला आणि एकेक बूट त्यावर ठेवला. निळा दोनशे अठरा ग्रॅम, करडा दोनशे बासष्ट.

"कोलंबी हाय काय गो ती, जोखाला?" झोपाळ्यावरून बुधाजींनी, तिच्या आजोबांनी, विचारलं.

"हसू नका. रविवारी प्रबळगडाची शर्यत आहे. अठरा किलोमीटर, दर किलोमीटरला तेराशे पावलं, दर पावलाला चव्वेचाळीस ग्रॅम जास्त. म्हणजे करडा घातला तर एक टन फुकटचा उचलायचा."

"मंग निला घे."

पण तिचा हात निळ्यावर ठरत नव्हता. गेल्या वर्षी असल्याच हलक्या बुटात उतरणीवर तिचा उजवा घोटा मुरगळला होता. पुन्हा मुरगळला तर धावणं विसरायचं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. नवीन पनवेलच्या दुकानदाराने दोन्ही जोड फक्त संध्याकाळपर्यंत वापरून बघायला दिले होते.

बुधाजींनी निळ्याचा जाडजूड, फुगीर तळ अंगठ्याने दाबला. मग करड्याचा पातळ तळ.

"एका पायान ह्यो घाल, दुसऱ्यान त्यो. आन डोले मीट."

घराशेजारी खडी पडली होती. डोळे मिटून ती त्यावरून चालली. निळ्यातून सगळं सारखंच, गादीवरून चालल्यासारखं. करड्यातून मात्र खडा कुठल्या बाजूने टोकदार आहे तेही कळत होतं.

"पण आजोबा, खडे कळून उपयोग काय?"

बुधाजी उठले. चपला काढून, डोळे मिटून, अंगणातल्या नव्या कोब्यावर दहा-बारा पावलं चालले. गवंड्याने पाणसळ लावून सपाट केलेला, सुकापूर गावात सगळ्यांनी वाखाणलेला तो कोबा.

"सपाट नाय. पानी त्या कोपऱ्यान जाईल," त्यांनी नळाकडे बोट दाखवलं.

स्नेहलने फोन जमिनीवर ठेवून उतार मोजला. अर्धा अंशसुद्धा नव्हता. खात्री करायला तिने तांब्याभर पाणी ओतलं. ते क्षणभर घुटमळलं, मग बारीक जीभ काढत नळाच्या कोपऱ्याकडे निघालं.

"हे कसं कळलं तुम्हाला?"

"मिठागराची जमीन आमी पायानंच तुडवून सपाट करायचो. एका बाजूला पानी साचला का मीठ बिघडला. तीस वर्सां केलाय." ते पुन्हा झोपाळ्यावर बसले. "डोल्याला नाय कलत त्यो उतार."

स्नेहल त्यांच्या भेगाळलेल्या टाचांकडे बघत राहिली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एवढा सूक्ष्म कोन मोजायला तिला अर्धा तास लागायचा. तिने वजनकाटा बंद केला आणि निळा जोड दुकानात परत नेला.

रविवारी उतरणीवर ती वेगात होती. नजर पुढच्या वळणावर होती. उजव्या पायाखाली एक दगड सरकला. तो सरकला हे तिला उमगेपर्यंत पायाने भार सोडलाही होता, आणि डाव्या पायाने तो भार झेललाही होता. दगड गडगडत दरीत गेला. घोटा शाबूत होता.

ती थबकली.

"ताई, वाट द्या की!" मागून कुणीतरी ओरडलं.

ती बाजूला झाली. गर्दी खडखडत पुढे गेली, आणि स्नेहल स्वतःच्या पावलांकडे, पहिल्यांदाच बघत असल्यासारखी, बघत राहिली.