सातव्या मशीनचा टाका

"अकरा मशिनं टाका सोडतायत आणि तुझं एकटीचं सरळ चालतंय. हे कसं काय, सांग बघू."

लाइनीवरच्या बाईंनी विचारलं तेव्हा सातवीने मान वर केली नाही. तिने शर्टाची बाही पुढे ओढली आणि टीप चालू ठेवली. त्या कारखान्यात प्रत्येकीला तिच्या मशीनच्या नंबराने हाक मारायची पद्धत होती. तिसरी, पाचवी, आठवी. ही सातवी. तीन वर्षांत तिला त्या नावाची इतकी सवय झाली होती की रस्त्यात कुणी नुसतं 'सात' म्हटलं तरी ती वळून बघायची.

सोमवारपासून लाइनीला ग्रहण लागलं होतं. तीन महिने जाड कापडाच्या पिशव्या शिवून झाल्या आणि लगेच दवाखान्यातल्या पेशंटांचे पातळ शर्ट आले. सुया बदलल्या, दोरा बदलला आणि सगळी मशिनं टाके सोडायला लागली. मिस्त्रींनी पुन्हा सुया बदलल्या, दोऱ्याचा ताण कमी केला, वाढवला, शेवटी दोरेवाल्याच्या नावाने बोटं मोडली. माल शुक्रवारी द्यायचा होता. नाही दिला तर काम दुसरीकडे जाणार, लाइन बंद होणार आणि बाराजणी घरी बसणार. हे बाईंनी कुणाला सांगायची गरज नव्हती, ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

सातवीला दुखणं सोमवारीच कळलं होतं. मंगळवारी सगळ्या जेवायला गेल्या, तेव्हा तिने पिशवीतला स्क्रूड्रायव्हर काढला आणि आपलं मशीन चार मिनिटांत ठीक केलं. मिस्त्रीशिवाय मशीन कुणी उघडलं तर थेट घरचा रस्ता, असा नियम होता. तिलाही तो तोंडपाठ होता, पण सुटलेला टाका तिला बघवत नसे. चोरीच करायची तर शेजारच्या दोन मशिनांवरही करायला हवी होती, म्हणजे कुणाच्या डोळ्यांवर आलं नसतं. पण शहाणपण नेहमी नंतरच सुचतं.

बाई काही दुधखुळ्या नव्हत्या. त्यांनी आवाज खाली आणला. मिस्त्री म्हणताहेत की सातवीनेच काहीतरी खोडी केली आहे आणि उद्या सकाळी ते साहेबांकडे जाणार आहेत, हे त्यांनी तिला सांगितलं. "त्याच्या आत मला खरं काय ते कळू दे," एवढं म्हणून त्या पुढे गेल्या.

संध्याकाळी मावशी भाजी चिरत बसली होती. सातवीने सगळी हकिकत सांगितली, तशी तिची विळी थांबली.

"नशिबाने चाललं म्हणून सांग. नशिबाला कुणी पुरावा मागत नाही," मावशी म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

मावशीचं तरी काय चुकलं होतं? सातवी तंत्रशाळेतून शिलाई मशीनची मिस्त्री होऊन बाहेर पडली होती, तीही वर्गात पहिली येऊन. पण त्या प्रमाणपत्रावर एका मुलाचं नाव होतं आणि कोपऱ्यात मिसरूड फुटलेल्या पोराचा फोटो. पाच वर्षं तिने त्याच नावाने एका कारखान्यात मशिनं दुरुस्त केली. तिथे सगळे तिच्या हाताची तारीफ करायचे. मग एक दिवस ती, जशी होती तशी, आपल्या मनाचे कपडे घालून कामावर गेली. दुपारच्या आत तिचा हिशेब चुकता झाला. वडिलांनी दार लावून घेतलं, आई आधीच गेलेली. उघडं राहिलं ते एक मावशीचं दार. नव्या कारखान्यात अर्ज भरताना तिने शिक्षणाच्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि शिवता येतं, एवढंच सांगितलं. हातात होतं ते सगळं कसब त्या रेघेखाली गाडून टाकलं.

"मावशी, मूठ झाकून झाकून हात आखडला माझा," ती म्हणाली.

मावशीने विळी बाजूला सारली. मग उठून तिने कपाटातून प्रमाणपत्राची सुरळी काढून दिली आणि सकाळी काहीतरी खाऊन जा, असं बजावलं.

साहेबांच्या खोलीत मिस्त्री आधीच बसले होते. बाई दाराशी उभ्या होत्या. सातवीला भयंकर भीती वाटत होती. मिस्त्रींची तक्रार संपायच्या आत तिने सुरळी टेबलावर उलगडली.

साहेबांनी नाव वाचलं, फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

"हे कुणाचं?" मिस्त्रींनी वाकून विचारलं.

"माझं. ते नाव घरच्यांनी ठेवलेलं. फोटोही माझाच आहे."

मिस्त्री हसले. "म्हणजे तीन वर्षं आम्हाला फसवत होती ही."

"कुणाला फसवलं?" बाई दारातूनच म्हणाल्या. "तीन वर्षांत हिचा एक शर्ट परत आलेला नाही. मशीन उघडलं हा हिचा गुन्हा. बाकी आपल्याला काय करायचंय?"

साहेब काही संत नव्हते. त्यांना शुक्रवार दिसत होता. सगळी मशिनं ठीक होतील का, एवढंच त्यांनी विचारलं.

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत होतील," सातवी म्हणाली. आता बोलली नाही तर पुन्हा कधीच बोलणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. "पण चोरून नाही करणार. मिस्त्री म्हणून करीन. आणि रजिस्टरमध्ये माझं आत्ताचं नाव राहील."

"आधी मशिनं चालू दे," साहेब म्हणाले. ते नाही म्हणाले नाहीत.

ती लाइनीवर पोचायच्या आत बातमी पोचली होती. अशा बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. पाचवीने आपली खुर्ची लांब सरकवली. बाकीच्या कापडाकडे बघत होत्या आणि कुणाच्याही हातात काम नव्हतं. सातवी हत्यारांची पेटी घेऊन मधोमध उभी राहिली. कुठून सुरुवात करावी हे तिला कळेना.

"ऐकलं ते खरं का गं?" आठवीने विचारलं.

"खरं आहे."

"आणि तू मिस्त्री आहेस, तेही खरं?"

"तेही खरं."

"मग माझं मशीन आधी घे बाई. दोन दिवस नुसते पाय हलवतेय मी."

कुणीतरी फिसकन हसलं आणि सातवी गुडघ्यांवर बसली. दुखणं साधंच होतं. जाड सुईला जागा हवी म्हणून मिस्त्रींनी प्रत्येक मशीनचा हूक जरा मागे सरकवला होता. सुई बारीक झाली, हूक मागेच राहिला आणि दोऱ्याचा फासा त्याच्या टोकाला सापडेना. फरक पातळ कागदाएवढा. पण तो हातालाच कळायचा आणि तिचा हात काही विसरला नव्हता. आठवं झालं, पहिलं झालं, दुसरं झालं. मशिनं एकेक करून सरळ टीप टाकायला लागली, तसा तिचा ऊर भरून आला. तीन वर्षांनी ती पुन्हा आपलं काम करत होती, आणि या वेळी आपल्या कपड्यांत.

नवव्या मशीनखाली अंधार होता. ती अंदाजाने स्क्रू शोधत होती, तेवढ्यात हुकावर नीट उजेड पडला. मिस्त्री शेजारी उकिडवे बसून बॅटरी धरत होते.

"मीच मागे घेतला होता," ते म्हणाले. "विसरलो."

"तीन महिने जाड कापड चाललं. कुणीही विसरलं असतं," ती म्हणाली आणि जरा डावीकडे धरा म्हणून सांगितलं. त्यांनी धरली.

माल शुक्रवारी गेला. पुढचं सगळं काही लोण्यातून सुरी गेल्यासारखं झालं नाही. रजिस्टरमध्ये तिचं नाव चढायला चार महिने आणि साहेबांशी दोन भांडणं लागली. पाचवी तिच्याशी बोलली ती थेट मशीन अडलं त्या दिवशी, गरजेपुरतं. पुढे तीच तिला डब्यातलं वाढू लागली. मिस्त्री शेवटपर्यंत कुरकुरत राहिले, पण निवृत्त होताना त्यांनी एकच नाव सुचवलं आणि ते सातवीचं होतं. नाव बदललं असेल तर जुनी प्रमाणपत्रंही चालतील, अशी एक ओळ तिने नोकरीच्या अर्जात घालायला लावली. त्या ओळीच्या भरवशावर आलेले दोघं आज तिथे आहेत, एक कटिंगच्या टेबलावर आणि एक पॅकिंगमध्ये.

नवव्या वर्षी कारखान्याने नवीन शेड बांधली. ऐंशी मशिनं, पाच मिस्त्री आणि त्यांच्यावर प्रमुख म्हणून ती. शेड सुरू व्हायच्या दिवशी घरच्यांना बोलावलं होतं. मावशी मागच्या रांगेत अंग चोरून बसली होती. एवढी वर्षं तिने गल्लीत सातवीची ओळख भाडेकरू म्हणूनच करून दिली होती, कारण गल्लीतल्या जुन्या लोकांना तिच्या बहिणीचं घर पुरतं ठाऊक होतं. आणि नेमकी गल्लीतलीच एक शेजारीण तिच्या बाजूला येऊन बसली. तिची सून त्या कारखान्यात शिवायला होती.

समोर साहेबांनी सातवीचं नाव घेतलं, तिने मोठं बटण दाबलं आणि ऐंशी मशिनं एकदम घुमली. टाळ्या थांबल्यावर ती मावशीसाठी पाण्याचा ग्लास घेऊन मागच्या बाजूने आली आणि शेजारणीचा आवाज ऐकून खुर्चीमागे तिथेच थांबली.

"अहो, ही तुमची भाडेकरू ना?"

मावशीने पदर सारखा केला.

"भाडेकरू कसली? भाची आहे माझी. सख्ख्या बहिणीची."

"पण तुमच्या बहिणीला तर एक मुलगाच होता ना?"

"तसं वाटायचं आम्हाला," मावशी म्हणाली, आणि पुढचं नीट दिसावं म्हणून ताठ बसली.