गुलाबी पाती

आमच्या ड्रोन क्लबात पाती गुलाबीच लावायची, हा नियम माझा. ड्रोन आपटला की पात्यांचे तुकडे उडतात, आणि गवतात गुलाबी तुकडा चटकन दिसतो. या मैदानावर गाई चरतात. प्लास्टिक त्यांच्या पोटात जायला नको, म्हणून शेवटचा तुकडा सापडेपर्यंत कुणी ड्रोन उडवायचा नाही आणि घरीही जायचं नाही.

नवे जावई हिरवी पाती लावून आले. म्हणाले, "आई, गुलाबी म्हणजे अगदी खेळण्यातलं वाटतं हो." लेकीने डोळे वटारले, म्हणून मी त्यांना तसाच ड्रोन उडवू दिला.

दुसऱ्याच फेरीत त्यांचा ड्रोन खांबावर आदळला. हिरव्या गवतात हिरवे तुकडे! जावई असतील घरी. इथे कुणाचे लाड नाहीत. इस्त्रीच्या पँटीत जावईबापू रांगायला लागले. क्लबातली मंडळी गालातल्या गालात हसत होती, पण शोधतही होती.

ऊन उतरलं. सापडलेले तुकडे मी रुमालावर जुळवले. एका पात्याचं नखाएवढं टोक तेवढं मिळेना. माझे गुडघे कुरकुरायला लागले.

"चला, राहू दे आता," मी म्हणाले. मंडळी सुटकेचा निःश्वास टाकून सामान आवरू लागली.

तेवढ्यात गवतातून आवाज आला, "राहू दे कसं, आई? गाईला काय सांगायचं?"

जावई अजून रांगतच होते.

मी लेकीला म्हटलं, "माणूस बरोबर निवडलास हो." आणि पुन्हा गवतात उतरले.