सासूच्या नावाची बाटली

माझी बायको द्वारका गेली तेव्हा मी करमाडला होतो. साडूच्या घरी लग्नाच्या पत्रिकांवर नावं लिहीत होतो. मुलाचा, गोकुळचा, फोन आला. "अण्णा, आई बोलत नाय." मी शहरात पोचेपर्यंत दवाखान्यात तिच्या तोंडावर चादर ओढली होती. हृदयविकाराचा झटका, असं सांगितलं. छातीत दुखतंय असं ती कधी म्हणाली नव्हती.

भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणायचा, "अचानक गेली बिचारी." तिसऱ्या दिवशी फुलंब्रीहून व्याही कारभारी आले. माझी मुलगी सुलेखा त्यांच्या थोरल्याला दिली आहे. सोबत धाकटा प्रणय होता. त्याची आमच्या घराजवळ, हर्सूलला लॅब आहे.

"काका, काकूंचा लघवीचा रिपोर्ट तर एकदम क्लिअर होता," तो म्हणाला. "मी सोता काढला होता."

मी मान हलवली. आत माझी सून मोनिका रडत होती, ती गप्प झाली. लघवी तिची होती.

द्वारकाला बारा वर्षं शुगर, आठ वर्षं बीपी. सात महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी लघवीची तपासणी लिहून दिली आणि नीट समजावलंही. लघवीतून प्रोटीन जायला लागलं तर नुसती किडनी नाही, अंगभरच्या रक्तवाहिन्या बिघडायला लागल्यात असं समजायचं. हृदयाला धोका असतो, आणि तो छातीत दुखायच्या आधी इथं दिसतो. गाढवालाही कळलं असतं. आम्ही गाढव नव्हतो, सोयरे होतो.

"त्यात काही निघालं तर सांजच्याला फुलंब्रीत कळंल," द्वारका म्हणाली. "आईचं दुखणं लेकीत उतरलं म्हणून सुलेखीला टोमणे बसतील."

"मग दुसऱ्या लॅबला जाऊ."

"अन् घरचा माणूस टाकून परक्याकडं गेले म्हणले मंजी? प्रणय रोज इचारतोय, काकू बाटली कधी देता."

"माझी दे मग."

"तुमची दिली तर रिपोर्टात मिशा निघतील."

आम्ही हसलो. मग मोनिका म्हणाली, "आई, मी देते. तुमचं नाव टाका."

बाटली मीच नेऊन दिली. कुणाची आहे ते मला माहीत होतं. चिकटपट्टीवर द्वारकाचं नावही माझ्याच अक्षरात.

डॉक्टर रिपोर्ट बघून खूश झाले. "काकू, पंचविशीतल्या पोरीसारखी किडनी आहे तुमची. आहेत त्याच गोळ्या चालू ठेवा." मोनिकाला पंचविसावंच होतं. गेटाबाहेर येईपर्यंत आम्ही हसू दाबून धरलं. फार हुशारी केली असं वाटलं होतं आम्हाला.

खरी लघवी दिली असती तर ती वाचली असती का, मला ठाऊक नाही. डॉक्टरांना विचारायला तोंड नाही.

तेराव्यानंतर सुलेखा दोन दिवस राहिली. तिला बाळंतपणापासून बीपी आहे, यंदा शुगरही निघाली. तिच्या पिशवीत चिठ्ठी होती. तीच तपासणी.

"ही कधी करणार?" मी विचारलं.

"कशाला अण्णा? आईची क्लिअरच होती ना? तरी गेली. त्या तपासणीत काय राम हाय?"

"डॉक्टरांनी लिहिलंय ना. दुसरीकडं देऊ, मी येतो संगं."

"अन् घरी काय सांगू? भाऊजीची लॅब सोडून कुठं गेलते?"

आईचे शब्द लेकीच्या तोंडात. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण कारभारी तिला न्यायला आले होते, ओसरीत बसून चहा पीत होते. त्यांना ऐकू जाईल म्हणून मी गप्प बसलो. बायको सरणावर गेली तरी मला व्याह्यांचीच लाज. असल्या माणसाला लोक समजूतदार म्हणतात.

"बरं," मी म्हणालो. ती गाडीत बसून गेली.

त्याला आज एकोणीस दिवस झाले. रोज फोन होतो. जेवलात का, गोळी घेतली का, एवढंच बोलतो. तो रिपोर्ट कुणाचा होता, ते मी सुलेखाला अजून सांगितलेलं नाही. तिची तपासणी झालेली नाही.