शाळेपुढचा गाळ

“हा ढीग कालच हलवला ना आपण?” टेलरबाईंनी फावडं आपटलं.

“काल शाळेपुढे टाका म्हणाले. आज म्हणतात तिथे नको,” मुकादम म्हणाला. “माझ्यावर कशाला डाफरता काकू? मी हुकमाचा ताबेदार.”

पूर ओसरून बारा दिवस झाले होते. गल्ली उपसायला महिनाभराचं रोजंदारीचं काम निघालं आणि तीस वर्षं शिलाई मशीनवर काढलेल्या बाईंनी फावडं हाती धरलं. त्यांचं स्वतःचं दुकान अजून गुडघाभर गाळात होतं. पण खासगी जागा या कामात बसत नाही, असा नियम. आपलं दुकान आपल्या वेळात उपसायचं. आणि आपली वेळ होईस्तोवर कंबरेचा काटा ढिला झालेला असायचा.

“मग आता कुठे टाकायचा?”

मुकादमाने कागद उलटसुलट केला. “तुमच्या दुकानापुढे. दोनच दिवस.”

“त्यांचे दोन दिवस मला चांगले ठाऊक आहेत!” बाई तरातरा जाऊन दुकानाच्या पायरीवर बसल्या. “टाका. माझ्या अंगावर टाका.”

“ताई, कामावरून काढतील हो,” त्यांच्यासोबत कामाला आलेली धाकटी जाऊ पुटपुटली आणि घमेलं पालथं घालून तीही शेजारी टेकली.

मुकादमाने कपाळावर हात मारला. साहेबांना फोन लावून बराच वेळ ‘हो साहेब, हो साहेब’ केलं.

“शाळेपुढेच राहू दे म्हणतात. फक्त भिंतीपासून चार हात लांब सरकवा.”

हसावं की रडावं, बाईंना कळेना. चडफडत त्यांनी फावडं उचललं. तिसऱ्याच घावाला गाळातून निळा ब्लाउज वर आला.

“चिंध्या त्या पोत्यात!” मुकादम ओरडला.

बाईंनी तो झटकून पाहिला. एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं लांब होती. कोपऱ्यावरच्या नर्सबाईंनी भाजल्याचा डाग झाकायला मुद्दाम तशी शिवून घेतली होती. पुराच्या दिवशी नर्सबाई म्हाताऱ्या शेजारणीला आणायला पुन्हा पाण्यात उतरल्या. दोघीही परत आल्या नाहीत.

“काकू, पोत्यात टाका ना!”

“चिंधी नाही ही,” बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता.

टँकरच्या पाण्यात त्यांनी ब्लाउज दोनदा खळबळला, पिळला. एकेक हुक लावला, बाह्या आत दुमडल्या आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची तशी नीट घडी घातली.