रोजच्या माणसाचे पेडल

लोर्नाच्या सायकलचे प्लॅस्टिकचे पेडल झिजून पार गुळगुळीत झाले होते. डुलुथ शहरातल्या चढावर, पावसात, बूट हमखास सटकायचा. पण इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तिची पहाटेची पाळी, आणि तेव्हा बस नसायची.

नवरा ड्वेन सायकल चालवायचा ती रविवारी, मित्रांसोबत, तीही उन्हाळ्यात. बूट घट्ट धरणारे बारीक खिळे असलेल्या, धातूच्या भारी पेडलांची एक जास्तीची जोडी त्याच्या गॅरेजमध्ये डब्यात पडून होती.

"ती जोडी माझ्या सायकलला लाव ना," एकदा ती म्हणाली.

"अगं, ती डोंगरात चालवायला. तू कामावर जातेस नि येतेस. रोजच्या माणसाला कशाला हवेत असले नखरे?"

"रोज चालवते म्हणूनच मागतेय."

"बघू."

त्याचं 'बघू' लोर्नानं आजवर पुष्कळ ऐकलं होतं. पुन्हा मागणं तिच्या जिवावर आलं.

ऑक्टोबरच्या रिमझिमीत चढावर उभं राहून जोर लावताना तिचा पाय सटकला आणि ती गुडघ्यावर आदळली. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, चालाल, पण सायकल विसरा.

ती काठी टेकत घरी आली, तर सायकल दारातच उभी. तिला डब्यातले पेडल लावलेले.

"पाय ठेवून बघ, काय पकड आहे," ड्वेन म्हणाला. "डॉक्टर काय, बोलतातच."

वसंतात अंगणात मित्र जमले. शेगडीवरचे सॉसेज उलटता उलटता ड्वेन म्हणाला, "मी तर सांगतो, भारी पेडल रोज चालवणाऱ्यानंच घ्यावेत. आमच्या लोर्नाचं बघा. तिथं काटकसर केली नि गुडघा घालवून बसली."

मित्रांनी माना डोलावल्या.

"काटकसर कुणी केली, ड्वेन?"

"आपणच की गं," तो हसत म्हणाला आणि तिच्या ताटलीत सॉसेज वाढला.

दुसऱ्या दिवशी लोर्नानं सायकल आयरीनला देऊन टाकली. आयरीन तिच्यासोबत स्वयंपाकघरात काम करायची, पायी यायची. ड्वेनच्या हे आठवड्यानं लक्षात आलं.

"सायकल कुठंय?"

"आयरीनला दिली."

"पेडलांसकट?"

"पेडलांसकट."

रात्री जेवताना तो चकार शब्द बोलला नाही. तिचा गुडघा मोडला त्या दिवशीही तो एवढा गप्प झाला नव्हता. लोर्नानं बटाट्यांचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं आणि खाली मान घालून जेवत राहिली.